बुटांचा ठराव आणि पंख्याचा ठराव

५ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार. पाठ धरली आहे, त्यामुळे आज मनातल्या मनातच वाकते.

आई म्हणत होती की माझा फोन आला की तुम्ही "हो हो, बरं बरं" म्हणून ठेवून देता आणि मग तिला विचारता, पोरगी काय म्हणत होती. ऐकू कमी येतं हे कबूल करायचं नाही, म्हणजे झालं! म्हणून हे पत्र. छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवलेल्या माणसाला कागदच बरा.

बातमी मोठी आहे. मला एक अख्खी लिफ्ट मिळाली. सहा वर्षं या देशात दुसऱ्यांच्या हाताखाली पाने-पकडी पुढे करण्यात गेली. आता एका जुन्या तीन मजली प्रार्थनाघरात नवी लिफ्ट बसवायची आहे आणि ती पहिल्या रुळापासून शेवटच्या बटणापर्यंत माझ्या एकटीच्या जबाबदारीवर. ती तपासनिसाने पास केली की मी मुख्य मेकॅनिक. या कंपनीत आजवर एकही बाई मुख्य मेकॅनिक झालेली नाही, आणि बाहेरून आलेलं तर कुणीच नाही. ही संधी हुकली तर पुढची कधी, ते देव जाणे, म्हणजे तुमचा देव. माझा त्याच्याशी पत्रव्यवहार नाही.

आज दिवसभर ओळंबा सोडून रूळ सरळ लावत होते. दोन रुळांत मिलिमीटरचा फरक राहिला तरी डबा पुढे वीस वर्षं कुरकुरतो.

मी या कामाला लागले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, उंदीरसुद्धा बिळात शिरण्याआधी विचार करतो. मी केला होता मामा. लिफ्ट माणसाला फक्त वजन विचारते. जात, देश, बाई की बुवा, काही नाही. तुमची प्रार्थनाघरं वजन सोडून बाकी सगळं विचारतात. म्हणून मी यंत्रांच्या बाजूची. आता रागावून लांबलचक उत्तर लिहा.

तुमची,
उचापती

१७ फेब्रुवारी

चि. उचापतीस मामाचे आशीर्वाद.

रागावलो नाही, पण लांबलचक लिहितो, कारण वेळ आहे. वेळ का आहे, तर तुझ्या लाडक्या यंत्रांनी माझे खिळे भंगारात घातले. आमच्या छापखान्यात एक संगणक आला आणि सहा माणसं घरी गेली. त्यानेसुद्धा कुणाची जात विचारली नाही. सगळ्यांना सारखंच हाकललं. समता म्हणायची तर तीही समताच.

आता धर्माचं. सत्तावीस वर्षं मी इथल्या प्रार्थनाघराचा चिटणीस आहे. मंडळ म्हणजे देव नव्हे, हे मला तुझ्याकडून शिकायला नको. मंडळात निम्मे लोक नाकाने कांदे सोलणारे आणि उरलेले झोपणारे. पण सतरंज्या कुणीतरी झटकाव्या लागतात, आजाऱ्याच्या घरी कुणीतरी डबा पोचवावा लागतो, आणि माणूस गेला की खांदा द्यायला चौघे जमवावे लागतात. हे एकट्याच्या श्रद्धेने होत नाही. त्याला वही लागते, यादी लागते आणि माझ्यासारखा कटकट्या माणूस लागतो.

हल्ली मी वर सभागृहात फारसा जात नाही. नवे अध्यक्ष पेशाने वकील आहेत, त्यांचं बोलणं मला पटत नाही. मी खालीच बाकावर बसतो. पहिल्या पायरीपाशी हवा छान येते.

मुख्य मेकॅनिक हो. मी उंदराचं बोललो ते काळजीपोटी. तुझी आई चारचौघांत "माझी मुलगी इंजिनियर आहे" असं सांगते. मी दुरुस्त करतो, मेकॅनिक आहे म्हणून. इंजिनियर गल्लीगल्लीत पडलेत.

मामा

३ मार्च, सोमवार, सकाळी अकरा

मामा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. काम चालू आहे. थंडी कमी झाली.

तुमचं पत्र वाचलं. सतरंज्या आणि डबे मला मान्य आहेत. पण दोन माणसं देवाचं नाव घ्यायला बसली की तिसरा दाराशी उभा राहतो आणि कुणाला आत सोडायचं ते ठरवतो. धर्म म्हणजे तो तिसरा माणूस. बाकीचे दोघे बिचारे डोळे मिटून असतात, त्यांना कळतही नाही. परक्या देशात आल्यावर तर हे फारच स्पष्ट दिसतं. माणसं तुमच्याशी गोड बोलतात, हवापाणी विचारतात, आणि आतल्या दालनाशी आलात की त्यांना एकदम परंपरा आठवते.

यंत्राचं तसं नाही. ते जे आहे ते पडद्यावर दाखवतं. आवडो न आवडो, खोटं बोलत नाही. मला आता माणसांपेक्षा पडद्यावरच जास्त भरवसा वाटतो.

प्रकृतीला जपा. आईला सांगा, मी मजेत आहे.

उचापती

१४ मार्च

चि. उचापतीस आशीर्वाद.

ताकाला जाऊन भांडं लपवायची आपल्या घरात रीत नाही.

पहिल्या पत्रात तू मला रूळ, ओळंबा, मिलिमीटर सगळं सांगितलंस. या पत्रात एक स्क्रूसुद्धा नाही. वर सोमवारी सकाळी अकरा वाजता, भर कामाच्या वेळी, तू बसून धर्मावर निबंध लिहितेस. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर जुळवला आहे. काय गाळलंय ते मला आधी दिसतं.

काम गेलं ना? आईला सांगत नाही. मला सगळं सांग.

मामा

२६ मार्च

मामा,

गेलं. तुमचं पत्र हातात घेऊन बसले आणि चक्क रडले. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणून चिडायचंही राहून गेलं.

घडलं ते असं. वीस फेब्रुवारीला सकाळी कामावर निघाले तर मोबाइलवर कंपनीचा निरोप. आमची सगळी कामं आता एका यंत्रणेतून येतात. कुणी कुठे जायचं, ते पडद्यावर उमटतं. त्यावर लिहिलं होतं, "काम बदलले. कारण : ग्राहकाची धार्मिक अट." मी फोरमनकडे गेले. तो भला माणूस आहे, निदान मला तसंच वाटत आलंय. धर्माला माझ्याइतक्याच शिव्या घालतो. त्याने मला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि सांगितलं की तिथल्या मंडळाचा जुना नियम आहे, बाहेरच्या माणसाने आतल्या दालनात हत्यारं घेऊन यायचं नाही. त्यात तू परकी, त्यात बाई. मला लाज वाटते, म्हणाला, पण ही माणसं तुला ठाऊकच आहेत. मी मान डोलावली. ठाऊकच होती मला. माझ्या जागी त्याने स्वतःच्या गावचा एक माणूस पाठवला. मी तेव्हापासून गोदामात जुने दोर तपासते आहे. काम लवकर संपतं, मग पत्रं लिहिते.

त्या लिफ्टचे रूळ मी लावलेत मामा. त्यावरून दुसऱ्याचा डबा फिरणार आणि त्याखाली दुसऱ्याची सही असणार. रात्रंदिवस एवढंच डोक्यात आहे. आणि तुम्ही म्हणता, धर्माला वही लागते!

उचापती

५ एप्रिल

चि. उचापतीस.

लागतेच. म्हणूनच आता नीट वाच आणि सांगतो तसं कर.

जगातला कुठलाही नियम आभाळातून पडत नाही. तो कुठल्या तरी बैठकीत, कुणीतरी, कशावरून तरी चिडल्यावर होतो. तू त्या प्रार्थनाघरात जा. देवाविषयी एक अक्षर बोलू नकोस. समतेचं भाषण देऊ नकोस. चिटणीस कोण ते विचार, आणि चिटणिसाला तीनच प्रश्न विचार. ठराव कोणत्या तारखेचा? मांडला कुणी? अनुमोदन कुणाचं? आणि म्हण, वही बघायला मिळेल का. खरा चिटणीस असेल तर वही दाखवायला मिळाली म्हणून खूश होईल. आम्हाला सत्तावीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

जाताना स्वतःचं पेन ने. दुसऱ्याच्या दप्तरात बसून त्याचंच पेन मागणं बरं दिसत नाही.

आणि पडद्यावर लिहिलंय म्हणून खरं मानू नकोस. छापील अक्षर मीच जुळवत होतो. त्यात काय काय खोटं जायचं ते मला विचार.

मामा

२४ एप्रिल

मामा,

आधी हे सांगते. लिफ्ट माझी आहे.

आता सविस्तर. गुरुवारी दुपारी मी तिथे गेले. चिटणीस निघाल्या एक म्हाताऱ्या बाई, पूर्वीच्या गणिताच्या शिक्षिका. दोन काठ्या घेऊन चालतात. फेब्रुवारीत रूळ लावताना त्यांनी मला लांबून बघितलं होतं. म्हणाल्या, "तू? तू तर यायला नकार दिला होतास ना?" मला काही कळेना. मी शाळेतल्या पोरीसारखे तुमचे तीन प्रश्न म्हणून दाखवले. त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! त्यांनी कपाटातून एकेचाळीस वर्षांपूर्वीची वही काढली. वही बघायला मागणारी मी पहिलीच, म्हणाल्या.

ठराव आहे. पण तो बुटांचा आहे. एक नळदुरुस्तीवाला चिखलाचे बूट घालून आतल्या गालिच्यावरून गेला, म्हणून त्यांनी ठरवलं की कामगाराने आतल्या दालनात बूट घालून येऊ नये. बाहेरचा, आतला, बाई, बुवा, एक शब्द नाही. आणि तो नळवाला तेव्हाच्या अध्यक्षांचा सख्खा पुतण्या होता. बाईंनी हे मला इतक्या चवीने सांगितलं, की तुमचीच आठवण झाली.

मग त्यांनी यंदाची फाइल उघडली. त्यात आमच्या फोरमनचं पत्र. "आमच्या कर्मचारी बाईंना स्वतःच्या श्रद्धेमुळे आपल्या वास्तूत काम करणे शक्य नाही, त्यांनी नकार दिला आहे." माझ्या मोबाइलवर ग्राहकाची धार्मिक अट आणि ग्राहकाच्या फाइलीत माझी धार्मिक अडचण. दोन्ही एकाच माणसाने एकाच टेबलावर बसून लिहिलेलं. पडद्याने त्याला एकदाही विचारलं नाही, की बाबा, हे खरं का.

मी त्या पत्राची प्रत घेऊन थेट मालकांसमोर ठेवली. फोरमनला बोलावलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "ती चांगली आहे. पण ग्राहकासमोर आपलं माणूस बरं दिसतं." बघा, ना देव, ना परंपरा. ज्याला मी माझ्यासारखा शहाणा समजत होते त्याच्या तोंडून हे ऐकलं. मालकांनी ते पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी मला विचारलं, उद्यापासून येशील का. मी म्हटलं, आजपासून.

आनंदाने नुसती नाचते आहे, पण एक गोष्ट टोचते. फोरमन खोटं बोलला आणि मी एका क्षणात विश्वास ठेवला, कारण त्या लोकांविषयी माझं तेच मत आधीपासून तयार होतं. दोन महिने मी त्या मंडळाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि त्या बाई दोन महिने हळहळत होत्या की मुलगी का बरं रागावली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मी परदेशात आले आणि मुसळ सामानात घेऊन आले. धर्मावरचं माझं मत फारसं बदललेलं नाही. पण ते यापुढे वही बघून बनवीन.

आता तुमच्या दप्तराचं. तुम्ही मला भांडं लपवल्याबद्दल पकडलंत, मीही तुम्हाला पकडते. पहिल्या पायरीपाशी म्हणे हवा छान येते. अध्यक्षाचं बोलणं पटत नाही म्हणून बाकावर बसणारा माणूस तुम्ही नाही. तुम्ही वर जाऊन भांडला असता. गुडघे ना? आईला विचारलं तर ती फोनवर हवापाण्याचं बोलायला लागली. शेवटचे वर कधी गेला होतात? आणि तुमच्या इमारतीत लिफ्ट का नाही, त्याचा ठराव कोणत्या तारखेचा, मांडला कुणी, अनुमोदन कुणाचं?

उचापती

१ जून

चि. उचापतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी अख्खा मोहल्ला गोळा करून "लिफ्ट माझी आहे" एवढं वाक्य वाचून दाखवलं. पुढचं कुणाला वाचून दाखवलं नाही. उत्तराला महिना लावला, कारण तुझ्या शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं मला पाठ होती आणि लिहायचा धीर नव्हता.

तारीख, एकोणीस वर्षांपूर्वीची. मांडला मी. अनुमोदन माझ्याच शेजाऱ्याचं.

तिसऱ्या रांगेवर एक पंखा होता. तो कुरकुरायचा. तो तेव्हाच्या अध्यक्षांच्या मेहुण्याने दिलेला, त्यामुळे दुरुस्तीचं नाव काढलं की त्यांचं तोंड वाकडं. वर्षभर मी सहन केलं. मग एका बैठकीत चिडून ठराव मांडला, की प्रार्थना चालू असताना वास्तूत विजेवर चालणारं कोणतंही हलतं यंत्र चालू नये. मंजूर झाला. पंखा बंद झाला, मी जिंकलो. पुढे अध्यक्ष बदलले, मेहुणा गाव सोडून गेला, ठराव राहिला. दहा वर्षांत लोक म्हणायला लागले, ही आपली पूर्वापार रीत आहे. एकोणीस वर्षं सगळी मंडळी घामाघूम होऊन माझा राग पाळते आहे.

तीन वर्षांपूर्वी कुणीतरी लिफ्टचा विषय काढला. तेव्हा मी, तुझा मामा, उभा राहिलो आणि तोच ठराव खणखणीत आवाजात वाचला. यंत्रांनी माझं काम खाल्लं होतं, निदान देवाच्या दारी तरी त्यांना येऊ द्यायचं नाही, असं मनात होतं. माझा राग होता, मी त्याला परंपरा म्हणालो. आणि मग गुडघे गेले. अडतीस पायऱ्या आहेत. चौदा महिने मी वर गेलेलो नाही. खाली बाकावर मी एकटा नसतो, आम्ही पाच जण असतो. त्यात एक निवृत्त नर्स आहे. या वस्तीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली. तीही माझ्यामुळे खाली बसते, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तर ऐक. गेल्या रविवारी बैठक होती, वर. दोघे मला खुर्चीतून उचलून न्यायला आले. मी म्हटलं, नको. चौदा महिने इतिवृत्त वर पाठवून दिलं, आता नाही. चिटणिसाने मागचं इतिवृत्त वाचल्याशिवाय बैठक कायदेशीर होत नाही, आणि चिटणीस खाली आहे. तेव्हा बैठकीने खाली यावं. वकीलसाहेबांना नियम मान्य करावाच लागला. अकरा सभासद जिन्यात पायऱ्यांवर बसले, शाळेच्या फोटोला बसतात तसे.

मी लिफ्टचा विषय मांडला. अध्यक्ष म्हणाले, रीत पूर्वापार आहे, आपण कोण बदलणार. मी वही उघडून माझं स्वतःचं अक्षर त्यांच्या हातात दिलं. मग म्हणालो, "हा ठराव देवाचा नाही. माझा आहे. पंखा कुरकुरत होता आणि मला राग आला होता. मी तो मागे घेतो."

आयुष्यात एवढं जड वाक्य मी जुळवलेलं नाही. मला वाटलं, आता सत्तावीस वर्षांची अब्रू गेली. तेवढ्यात नर्सबाई बाकावरून म्हणाल्या, "मग मेल्यांनो, आधी पंखा तरी लावा." सगळे हसले. वकीलसुद्धा हसले. हात वर झाले, नऊ विरुद्ध दोन. त्याच संध्याकाळी पंखे लागले, खिडक्यांतून आवाज खालीपर्यंत, अगदी मलासुद्धा, ऐकू येत होता. लिफ्टही मंजूर आहे.

माझी श्रद्धा जागच्या जागी आहे, ती तुझ्या हवाली करत नाही. पण फार हलकं वाटतंय. तुझं काय झालं? तपासनीस आला का?

मामा

२० जून

मामा,

तपासनीस काल आला. रिकामा डबा, भरलेला डबा, लोखंडी वजनं घालून क्षमतेच्याही वर भरलेला डबा. दोर, ब्रेक, दारं. त्याने रुळांना ओळंबा लावला आणि बराच वेळ बघत राहिला. मग मला विचारलं, हे कुणी लावले. मी म्हटलं, मी, फेब्रुवारीत. तो म्हणाला, असे रूळ मी चार वर्षांत बघितले नाहीत.

कागदावर माझी सही वर आहे आणि फोरमनची खाली, साक्षीदार म्हणून. मालकांनी मुद्दाम त्यालाच बोलावलं होतं. सही करताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी मात्र त्याच्याकडे बघत होते, अगदी निवांत. मामा, मला फार फार आनंद झाला, तो मी लपवत नाही. मी मुख्य मेकॅनिक आहे. छातीवरच्या बिल्ल्यावर तसं लिहिलंय आणि आज भाजी आणायलासुद्धा मी तो लावून गेले होते.

पहिल्या फेरीला गणिताच्या बाई आणि मी. त्या सहा वर्षांनी तिसऱ्या मजल्यावर गेल्या. दार उघडलं, तर त्या बाहेरच पडेनात. मला वाटलं काही बिघडलं. त्या म्हणाल्या, "थांब जरा. इथून कसं दिसतं तेच विसरले होते." मग प्रार्थना सुरू झाली. मी आत गेले नाही, त्यांनीही आग्रह केला नाही. मी वर मोटरपाशी बसून फेऱ्या मोजल्या. त्रेचाळीस माणसं वर आली आणि खाली दालनात एकालाही लिफ्टचा आवाज ऐकू गेला नाही. प्रार्थना ऐकू येत होती, ती मात्र मी शेवटपर्यंत ऐकली.

पुढच्या महिन्यात मी येते. सहा वर्षांची रजा साठली आहे. लिफ्ट तिकडचीच कंपनी बसवेल, पण ओळंबा मी धरणार, आणि ती चालू झाल्याशिवाय परत जाणार नाही. वकीलसाहेबांना तसं कळवा. तोवर माझं एक काम करा. जिन्याशेजारच्या भिंतीची जाडी, तळमजल्याची उंची आणि दाराची रुंदी पोलादी टेपने मोजून पाठवा, दोरीने नको. वरच्या मजल्यांची मापं घ्यायला कुणाच्या खांद्यावर हात ठेवून चढू नका, मला आईकडून कळेल. ती मी घेईन. तुम्ही खालीच थांबा, मामा. वर मी नेते.

उचापती
मुख्य मेकॅनिक